बर्लिनच्या नाणेजत्रेत एक दिवस: जाऊ का, आणि खिशात काय नेऊ?

खडखडाट (५ जानेवारी, रात्री १०:१२)
नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामाने महिनाअखेरीस बर्लिनला जातोय, बायकोही सोबत आहे. काम बुधवारी संपतं आणि परतीचं विमान शनिवारी. काल सहज शोधताना कळलं की नेमकं गुरुवार ते शनिवार तिथे वर्ल्ड मनी फेअर आहे. तेव्हापासून झोप नाही.

माझा संग्रह म्हणजे आजोबांच्या ट्रंकेतल्या सात-आठ शिवराया (मराठेशाहीतले तांब्याचे पैसे), मूठभर भोकाचे पैसे, थोडे राणीछाप-राजाछाप रुपये, आणि गेल्या दहा वर्षांत मित्रांकडून उकळलेली परदेशी चिल्लर. पुण्यातलं कॉइनेक्स सोडलं तर मोठं प्रदर्शन पाहिलेलं नाही. एक दिवस पुरेल का? दीडशे युरोत काही हाती लागतं, की नुसतं काचेला नाक लावून परत यायचं? माझ्याकडे दुदांडी प्रकारच्या शिवराया जास्तीच्या आहेत. त्यातल्या चार नेऊन तिथे अदलाबदल करावी म्हणतो.

आणि शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न. बायको म्हणते, "सुट्टीतसुद्धा चिल्लरच मोजणार का?" यावर काय सांगू?

खुर्दा (रात्री १०:२०)
रुमाल टाकून ठेवतो.

स्प्रे_काठचा_बबन (६ जानेवारी, पहाटे २:०५)
गेली बारा-तेरा वर्षं इथेच आहे, जत्रा चुकवत नाही. सविस्तर लिहितो.

ही जत्रा १९७२ साली स्वित्झर्लंडमध्ये, बासेलला सुरू झाली. २००६ पासून बर्लिनमध्ये भरते. जागा नॉयक्योल्न भागातलं एस्ट्रेल हॉटेल आणि त्याला लागून असलेले मोठे हॉल. एस-बानची (शहरी रेल्वेची) गोल फिरणारी रिंग लाइन पकडा, झोनेनअलेला उतरा, तिथून चालत. नाव 'सूर्यमार्ग', पण जानेवारीत सूर्य असतो फक्त पाटीवर. कानटोपी आणा.

आत गेल्यावर लक्षात घ्या की एका छपराखाली दोन वेगळ्या जत्रा आहेत. पहिली टाकसाळींची. देशोदेशीच्या टाकसाळींचे झगमगीत स्टॉल, रंगीत छपाईची नाणी, होलोग्राम, प्राणी, अंतराळवीर. हा भाग म्हणजे लग्नातलं रुखवत. बघायचं, 'वा, छान केलंय' म्हणायचं आणि पुढे सरकायचं. दुसरी जत्रा व्यापाऱ्यांच्या टेबलांची. ती मंडई. खाली वाकायचं, उचकायचं, भाव विचारायचा, पुढच्या टेबलावर तोच माल स्वस्त दिसला की हळहळायचं. दीडशे युरो घेऊन येणाऱ्याने सरळ मंडईत शिरावं.

रोख न्या. कार्ड बऱ्याच ठिकाणी चालतं, पण छोटा व्यापारी रोखीला लवकर विरघळतो. एक दिवस पुरतो, पाय पुरत नाहीत.

कायद्याचं_बोला (६ जानेवारी, सकाळी ९:३०)
धागाकर्ते, शिवराया नेऊ नका. एकही नाही. पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२. शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं त्या कायद्यात पुरावशेष ठरतं आणि ते देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी माणसाला नाही. राणीछाप रुपये तर गेलेच, पंचम जॉर्जचे चांदीचे रुपयेही गेले, कारण ते १९११ ते १९२२ मधले.

जुना_बाजार (६ जानेवारी, सकाळी ११:०२)
काहीतरीच. शिवराई आमच्याकडे रविवारी पोत्यावर ओतलेली असते. घासून सपाट झालेलं तांबं. ते पुरावशेष, आणि ज्या वाड्यांत ती सापडते ते वाडे बुलडोझरखाली, हे बरंय!

कायद्याचं_बोला (सकाळी ११:१५)
वाड्यांबद्दल सहमत, पण तो वेगळा धागा. कायदा वय विचारतो, किंमत नाही. चार शिवराया पकडल्या जाणार नाहीत, असं तुम्ही म्हणणार. पकडल्या गेल्या तर शनिवारचं विमान कोण पकडणार?

खडखडाट (दुपारी १:४०)
बापरे. आजोबांची ट्रंक बंद. मग अदलाबदलीला काय नेऊ?

निळी_शाई (६ जानेवारी, दुपारी ३:२२)
प्रजासत्ताकाची नाणी न्या की. तिकडच्या लोकांना आपली सुट्टी नाणी आवडतात, विशेषतः वेडेवाकडे आकार. लाटेच्या काठाचे दहा पैसे, चौकोनी पाच पैसे, षटकोनी तीन पैसे. वजनाला काहीच नाहीत. टाकसाळीच्या खुणा समजावून सांगितल्या तर माणसं खुर्ची देतात, हा अनुभव आहे. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. जर्मनांचं उलट, त्यांची अक्षरं: बर्लिन ए, म्युनिक डी, स्टुटगार्ट एफ, कार्ल्सरूह जी, हॅम्बुर्ग जे. एक १९८५चा 'एच' खुणेचा रुपया न्या. भारताचा रुपया पण घडला बर्मिंगहॅमला, हे कळलं की गप्पा सुरू.

छापाकाटा_७१ (६ जानेवारी, सायंकाळी ६:१०)
माझ्या मावशीकडे १८१८चं हनुमानाचं नाणं आहे, मागे ईस्ट इंडिया कंपनी लिहिलेलं. व्हॉट्सॅपवर त्याची किंमत २ कोटी आलीय. बर्लिनला कोणी घेईल का? वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं पण आहे.

जुना_बाजार (सायंकाळी ६:१४)
वैष्णोदेवीवाल्याचे पाच रुपये नक्की येतील. वाण्याकडे द्या.

निळी_शाई (सायंकाळी ६:३०)
छापाकाटा, कंपनीने असं हनुमानाचं नाणं कधी पाडलंच नाही. ती देवळाबाहेर विकली जाणारी टोकनं. त्यावर चढवलेलं साल मनाचं. आणि नाणं विकायला आधी 'नोंदणी फी' मागणारा फोन आला तर बंद करा. मावशीलाही सांगा.

छापाकाटा_७१ (सायंकाळी ६:४१)
मावशीने ११०० रुपये भरलेत ऑलरेडी.

खुर्दा (सायंकाळी ६:४२)
🙏

मांडवीकाठ (७ जानेवारी, सकाळी ८:५५)
गोव्याहून हजेरी. आम्हाला शिवराईसाठी नाही, पण पोर्तुगीज इंडियासाठी युरोप बरा. १९५८ पर्यंत इथे रुपिया आणि तांगा. मग लिस्बनने एका रुपियाला सहा एस्कुदो असा हिशोब लावून नवी नाणी पाडली. त्या सहाच्या पाढ्यामुळे ३० सेंताव्ह, ६० सेंताव्ह, ३ एस्कुदो, ६ एस्कुदो असे आकडे आले. माझा आजा म्हणायचा, नाणी अंगवळणी पडेस्तोवर राज्यच बदललं. १९६१ च्या डिसेंबरात सगळं संपलं. पणजीत ही नाणी पर्यटकांच्या भावाने विकतात. पोर्तुगीज व्यापाऱ्याच्या टेबलावर 'वसाहती' लिहिलेल्या खोक्यात मला स्वस्त मिळाली होती. मी लिस्बनला घेतली, पण बर्लिनला पोर्तुगीज माल दिसला तर आमची आठवण ठेवा.

स्प्रे_काठचा_बबन (७ जानेवारी, दुपारी ४:००)
ठेवतात, ठेवतात. अजून एक, जे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नाही. जर्मन प्रतवारी. पाकिटावर 'एसएस' लिहिलं असेल तर ते 'झेर श्योन', म्हणजे शब्दशः 'अतिसुंदर'. मी हरखून घेतलं. घरी येऊन बघतो तर अतिसुंदर महाशयांचे केस झिजलेले, नाक बसलेलं. ती शिडी अशी: सर्वात वर घासूनपुसून आरसा केलेलं 'पीपी', मग टाकसाळीतून आलं तसं 'श्टेम्पेलग्लान्झ', मग 'फोरझ्यूगलिश', मग आपलं 'अतिसुंदर', आणि त्याखाली नुसतं 'सुंदर'. नुसतं सुंदर म्हणजे चेहरा ओळखू आला तरी नशीब.

आडनाव_नको (७ जानेवारी, दुपारी ४:१८)
म्हणजे स्थळ सांगतात तसंच. "मुलगी सुंदर आहे, नाकीडोळी नीटस" ऐकलं की आपण काय समजायचं ते समजतो.

शेवटचा_डबा (७ जानेवारी, रात्री ९:०५)
बबनरावांच्या मंडईत एक भर. शेवटच्या दिवशी जा, दुपारी तीननंतर. व्यापाऱ्यांना परत ओझं न्यायचं नसतं. मी अमेरिकेत शिकागोजवळच्या रोझमाँटला त्यांच्या नाणकशास्त्र संघटनेच्या जत्रेत असंच केलं. आठ डॉलरची नाणी पाचाला उचलली.

निळी_शाई (७ जानेवारी, रात्री ९:३०)
पूर्ण असहमत. संध्याकाळच्या मंडईत भाजी स्वस्त मिळते, पण कोणती? दाबून ठेवलेली. चांगला माल पहिल्या दोन तासांत उडतो, आणि तो घेणारेही बहुतेक व्यापारीच असतात. कित्येक टेबलं शेवटच्या दुपारी आवरून निघूनही जातात. धागाकर्त्याचं शनिवारी विमान आहे, तेव्हा गुरुवारी सकाळीच जावं.

शेवटचा_डबा (रात्री ९:३४)
आमच्या पाच डॉलरला नावं ठेवायचं काम नाही.

तिसरी_घंटा (८ जानेवारी, सकाळी ७:५०)
परतीच्या प्रवासाबद्दल कोणीच बोललं नाही. नाणी चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. आणि थप्पी करून गुंडाळू नका. मी मोजे भरून सुमारे दोन किलो चिल्लर आणत होतो. क्ष-किरण यंत्रात तो काळाकुट्ट गोळा दिसला. मग बॅग उघडली, मोजे उघडले. एक धुतलेला नव्हता. सुरक्षा कर्मचाऱ्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून पारदर्शक पाकिटांची वही वापरतो आणि आधीच बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवतो.

सोन्या-चांदीची नाणी आणलीत तर भारतात उतरल्यावर जाहीर करा. दागिना नसलेलं सोनं-चांदी सामानाच्या करमुक्त सवलतीत बसत नाही. तांबं-निकेलची किरकोळ नाणी असली तरी बिलं जपून ठेवा.

निळी_शाई (८ जानेवारी, सकाळी १०:२०)
दीडशे युरोचं बोलू. माझा सल्ला: एक विषय ठरवून जा. एकच. 'जे आवडेल ते' म्हणून गेलात तर अकरा वाजता रुखवतात पैसे संपतील.

उदाहरणार्थ पूर्व जर्मनी. बर्लिनला जाताय तर यापेक्षा जागेवरचा विषय कोणता? त्यांची जवळजवळ सगळी चिल्लर ॲल्युमिनियमची, इतकी हलकी की लोक तिला 'आलू-चिप्स' म्हणत. अपवाद वीस फेनिगचा, तो पितळी. टेलिफोनच्या डब्यात हलकं नाणं नीट चालेना, म्हणून १९६९ पासून तो जड केला. अख्खा संच जेवणाच्या पैशात होतो.

किंवा १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचं दहा मार्कांचं चांदीचं नाणं. पहिल्या नाण्यांवर लिहिलं 'खेळ जर्मनीत'. पूर्व जर्मनी खवळली: ऑलिंपिक शहराला देतात, देशाला नाही, आणि जर्मनी म्हणजे तुम्ही एकटे कोण? पुढच्या नाण्यांवर 'म्युनिकमध्ये' आलं. दोन्ही शेजारी ठेवली की शीतयुद्ध तळहातावर मावतं.

शेवटचा_डबा (सकाळी १०:३१)
विषय ठरवून कसली मजा? गृहपाठ आहे का? मी तर 'कोणतंही घ्या' खोक्यात हात घालून तासभर बसतो. एकदा त्यात नेपाळचा पैसा निघाला, एकदा शर्टाचं बटण.

जुना_बाजार (सकाळी १०:४०)
बटणाची प्रत काय होती? अतिसुंदर?

गणित_कच्चं (८ जानेवारी, दुपारी १२:१५)
खोक्यांत जुने जर्मन मार्क स्वस्तात मिळाले तर बँकेत बदलून मिळतात असं ऐकलंय. खरं का? म्हणजे तिकीट वसूल.

स्प्रे_काठचा_बबन (दुपारी २:५०)
बदलून मिळतात, बुंडेसबँकेत, आणि मुदतच नाही. १.९५५८३ मार्काला एक युरो. पण हे प्रत्येक व्यापाऱ्याला पाठ आहे, त्यामुळे त्याखाली तो विकणार नाही. फ्रेंच फ्रँकची दारं २०१२ मध्येच बंद झाली आणि पूर्व जर्मनीचा मार्क कोणी घेत नाही. माझ्या एका मित्राने 'गुंतवणूक' म्हणून घेतलाय. त्याचा मुलगा त्याने कॅरम खेळतो.

अर्धा_आणा (९ जानेवारी, रात्री ११:२८)
उशिरा आलो, पण धागाकर्त्याला विषय मी देतो. जर्मन रुपया.

टंकनदोष नाही. जर्मनांची पूर्व आफ्रिकेत वसाहत होती, आजच्या टांझानियाच्या बाजूला. त्या किनाऱ्यावर आपल्या व्यापाऱ्यांमुळे हिंदुस्थानी रुपया आधीच इतका मुरलेला होता की जर्मनांना मार्क चालवता येईना. मग त्यांनी स्वतःचाच रुपया पाडला, नाव 'रुपी'. वजन ११.६६ ग्रॅम आणि चांदीचा कस, दोन्ही आपल्या राणीछापाबरहुकूम. वर कैसर दुसरा विल्हेल्म, डोक्यावरच्या शिरस्त्राणावर पंख पसरलेला गरुड, आणि भोवती चक्क लॅटिन. त्याची चिल्लर म्हणजे तांब्याचा 'पेसा', एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला अरबी. एका रुपीला किती पेसा? ६४! आपले जुने पैसे तितकेच. १९०४ मध्ये जर्मन शिस्त जागी झाली आणि त्यांनी रुपीचे शंभर हेलर केले. आपल्याला शंभरावर यायला १९५७ उजाडलं.

कैसरचा रुपया तुमच्या पैशात जेमतेम बसेल, पेसा आरामात. पण काटा घेऊन जा. रुपीच्या नकली निघतात, वजनात पकडल्या जातात. छोटा खिशातला इलेक्ट्रॉनिक काटा, भिंग, आणि काठ धरून उचलायची सवय. नाण्याच्या तोंडावर बोट ठेवलंत तर व्यापारी तुमच्याकडे सासूसारखा बघेल.

खडखडाट (१० जानेवारी, सकाळी ७:०५)
अर्धा आणा, दंडवत घ्या. विषय ठरला. आता फक्त बायको.

वाचनमात्र_होते (१० जानेवारी, सकाळी ९:१५)
चार वर्षं नुसती वाचत होते, या प्रश्नासाठी सदस्यत्व घेतलं. माझा नवराही यातलाच. बायकोला हॉलमध्ये 'थोडा वेळ बस' म्हणून खुर्चीवर ठेवू नका. माझे चार तास गेलेत अशा खुर्चीवर, एका शहरात, नाव नको. तिला बोडे संग्रहालयात सोडा. तिथे शिल्पं आहेत, कॉफी आहे, ऊब आहे. नाण्यांचं दालनही आहे, पण बघायची सक्ती नाही.

आणि जाताना तिला गोष्ट सांगा. तिथे कॅनडाचं १०० किलो सोन्याचं नाणं होतं, दर्शनी किंमत १० लाख डॉलर. २०१७ च्या मार्चमध्ये चोर रेल्वेरुळांवरून शिडी लावून खिडकीतून शिरले आणि ते नाणं बांधकामाच्या ढकलगाडीत घालून नेलं. चोरांना शिक्षा झाली, नाणं मिळालं नाही. मी हे ऐकून नवऱ्याला म्हटलं, बघ, एकच आणलं पण बघण्यासारखं. नाहीतर तू.

खुर्दा (सकाळी ९:२०)
धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

संपादक (१० जानेवारी, दुपारी १:००)
मधले तीन प्रतिसाद काढले आहेत. बंदी असलेली नाणी बाहेर 'कशी न्यावीत' याच्या युक्त्या इथे चालणार नाहीत. छापाकाटा, मावशींच्या पैशांबद्दल सायबर तक्रारीचा १९३० क्रमांक व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

खडखडाट (९ फेब्रुवारी, रात्री १०:४८)
परत आलो. धागा वर काढतोय, सांगायला हवंच.

गुरुवारी सकाळी पावणेदहाला रांगेत. उणे तीन. निळ्या शाईने इतकं बजावूनही पहिला तास रुखवतातच गेला, आणि निळ्या प्लास्टिकच्या कड्याचं ते जर्मन पाच युरोचं नाणं घेऊन बसलो. प्रकाशात धरलं की कडं चमकतं. कबूल करतो. पस्तीस युरो गेले.

मग मंडईत. 'रुपी' विचारत फिरलो. पहिल्या तिघांनी मला भारताचे राणीछाप दाखवले, माझा चेहरा बघूनच. चौथ्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांनी ड्रॉवर उघडला. १८९०चा कैसर, अतिसुंदर (मला आता अर्थ माहीत होता), ९० युरो. काट्यावर ठेवला, ११.५. घासलेला, पण खरा. माझ्याकडे ११५ उरलेले आणि जेवण बाकी. ठेवून दिला. पेसा घेतला, १८९१चा, १४ युरोला.

बायको तीनला तिथे आली, कारण 'त्या ढकलगाडीवाल्या खिडकीचा' फोटो तिला मला दाखवायचा होता. टेबलावरचे ते आजोबा तेवढ्यात मला विचारत होते की ६४ हा काय आकडा आहे, चाळीस वर्षं ही नाणी विकतोय पण कारण माहीत नाही. माझं जर्मन शून्य, त्यांचं इंग्रजी अर्धं. बायकोने त्यांच्याच पाकिटावर लिहून दाखवलं: चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. मग चवली, पावली, अधेली. अर्धं अर्धं करत जा, शेवटपर्यंत तुटत नाही. तिच्या आजीचं किराणा दुकान होतं, हे लग्नाला अकरा वर्षं होऊन मला तेव्हा कळलं. त्यांनी ते पाकीट खिशात घातलं आणि पेशाचे दोन युरो परत केले. कैसरचे मात्र नव्वदचे नव्वदच.

मांडवीकाठ, तुमचे ६ एस्कुदो मिळाले नाहीत, ६० सेंताव्हचं एक आहे. पत्ता व्यनि करा.

मांडवीकाठ (रात्री १०:५५)
देव बरें करूं.

अर्धा_आणा (रात्री ११:१०)
९० ला सोडलात? अरेरे. पण ११.५ म्हणजे बराच चाललेला, त्या भावाला मीही सोडला असता. पेशाचा फोटो टाका, अरबी बाजू उजेडात तिरकी धरून.

कायद्याचं_बोला (१० फेब्रुवारी, सकाळी ९:०२)
अभिनंदन. बिल जपा. पेशाने शंभरी कधीच ओलांडलीय, तेव्हा पुढच्या वर्षी आजोबांना दाखवायला म्हणून तो खिशात टाकून निघू नका.

वाचनमात्र_होते (सकाळी ९:४०)
बायकोला कैसर आवडला होता का?

खडखडाट (सकाळी ९:५८)
ती म्हणाली, "मिशी चांगली आहे, पण नव्वदची नाही."